लोमचे चर्च बाराव्या शतकातले म्हणावे, की सतराव्या?

उंबरठा

नॉर्वेतील स्टेव्ह चर्चांविषयी, म्हणजे उभ्या लाकडी खांबांवर उभारलेल्या मध्ययुगीन चर्चांविषयी, मराठीत जे थोडेफार लिहिले जाते, त्यात लोम गावच्या चर्चची ओळख 'बाराव्या शतकातील चर्च' अशी एका ओळीत उरकली जाते आणि सोबत उंच टोकदार मनोऱ्याचे, गडद तपकिरी लाकडाचे एक छायाचित्र दिलेले असते. ही ओळ आणि ते छायाचित्र यांचा मेळ बसत नाही, असे माझे मत आहे.

लाकडातील वर्षवलये मोजून काढलेल्या कालनिर्णयानुसार मूळ इमारतीचे लाकूड ११५७-५८ च्या सुमारास तोडले गेले, याबद्दल वाद नाही. परंतु १६३४ मध्ये हे चर्च पश्चिमेकडे लांबवले गेले आणि १६६३ मध्ये वेर्नर ओल्सेन या बांधकाम करणाऱ्या कारागिराने त्याला उत्तर-दक्षिण दोन बाजू जोडून क्रूसाचा आकार दिला. लांबून जी आकृती दिसते, ती या सतराव्या शतकातील माणसांनी घडवलेली आहे. मूळचे चर्च शोधायचे, तर आत जाऊन मध्यभागी उभे राहावे लागते.

मग या वास्तूचे वय नेमके काय सांगावे? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: नॉर्वेत काही ठिकाणी अशा नंतरच्या भरी काढून टाकून चर्चला 'मूळ रूप' परत देण्यात आले, तसे लोमच्या बाबतीत व्हायला हवे होते का? माझे उत्तर 'नाही' असे आहे, पण त्यामागची कारणे मला स्वतःला पुरेशी पटलेली नाहीत, म्हणून हा धागा.

जुना_सुतार

प्रश्न चांगला आहे. पण वयाकडे जाण्याआधी मूळ बांधणी कशी आहे ते सांगतो, कारण त्याशिवाय काय टिकले आणि काय गेले हे कळणार नाही.

या प्रकारच्या चर्चमध्ये भार उभ्या खांबांवर असतो. त्याआधीच्या पिढीतील चर्चांचे खांब थेट जमिनीत पुरलेले असत आणि ओलाव्याने ते बुडातून कुजत. लोममध्ये १९७३ साली जमिनीखाली उत्खनन झाले, तेव्हा सध्याच्या चर्चच्या खाली अशाच पुरलेल्या खांबांच्या, म्हणजे आणखी एका जुन्या चर्चच्या खुणा मिळाल्या. बाराव्या शतकातल्या सुतारांनी या कुजण्यावर उपाय काढला तो असा, की दगडांच्या पायावर जाडजूड आडव्या तुळयांची चौकट ठेवायची आणि खांब त्या चौकटीवर उभे करायचे. लाकूड मातीपासून सुटले आणि इमारतीचे आयुष्य दशकांवरून शतकांवर गेले. माझ्या मते या चर्चांच्या इतिहासातील सर्वांत मोठा शोध हाच आहे. कोरीवकाम, ड्रॅगन वगैरे त्यानंतर.

भिंत म्हणजे उभ्या जाड फळ्या. प्रत्येक फळीच्या एका कडेला जीभ आणि दुसऱ्या कडेला खाच असते, त्यामुळे त्या एकमेकींत बसतात. त्यांची खालची टोके तळच्या तुळईच्या खाचेत आणि वरची टोके माथ्याच्या तुळईत अडकवलेली असतात. पावसाचे पाणी अशा उभ्या फळीवरून सरळ खाली उतरते. लोममध्ये मध्यभागाचे छप्पर बाजूच्या भागांपेक्षा उंच उचललेले आहे आणि ते आतल्या मोकळ्या खांबांवर तोललेले आहे. वाऱ्याने हा उंच सांगाडा मुरडू नये म्हणून खांबांच्या वरच्या भागात तिरप्या लाकडांच्या फुल्या बसवल्या आहेत आणि खांब व तुळई यांच्या कोनात वक्र आधार दिले आहेत. हे आधार सरळ लाकूड कापून वाकवलेले नसतात. झाडाचा बुंधा जिथे मुळाकडे नैसर्गिकपणे वळतो, तिथलेच लाकूड निवडलेले असते, म्हणजे लाकडाचे तंतू वळणाबरोबरच धावतात आणि आधार मोडत नाही.

तेव्हा 'उंबरठा' यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे: जोवर हा सांगाडा आणि हे खांब उभे आहेत, तोवर चर्च बाराव्या शतकातले आहे. बाजूच्या भिंती कोणीही केव्हाही बदलू शकतो.

निवांत_नाना

सुतार काकांच्या व्याख्येप्रमाणे आमच्या वाड्याचे वयही दीडशे वर्षे भरेल; खांब तेवढे उरले आहेत, बाकी सर्व भाडेकरूंनी बदलले.

फ्योर्डकाठ

मी बरीच वर्षे नॉर्वेत राहते आणि लोमला उन्हाळ्यात व हिवाळ्यातही जाणे झाले आहे. वरच्या चर्चेत एक गोष्ट अजून आलेली नाही, ती सांगते. लोमचे चर्च हे वस्तुसंग्रहालय नाही. ते त्या गावच्या मंडळीचे रोजच्या वापरातले चर्च आहे. रविवारची उपासना, बाप्तिस्मे, लग्ने आणि अंत्यविधी तिथेच होतात, आणि भोवतालच्या दफनभूमीत आजही गावातले लोक आपल्या माणसांच्या थडग्यांजवळ फुले लावताना दिसतात. लोम हा सव्वादोन हजारांच्या आसपास वस्तीचा प्रदेश आहे. बोव्रा नदी जिथे ओट्टा नदीला मिळते, त्या संगमाजवळ हे चर्च आहे. नॉर्वेचे सर्वांत उंच शिखर, २,४६९ मीटरचे गाल्डहोपिग्गेन, याच लोमच्या हद्दीत येते.

दुसरी गोष्ट हवामानाची. किनाऱ्यावरच्या बर्गनमध्ये पाऊस थांबत नाही, पण लोमचे खोरे उंच डोंगरांच्या आड असल्याने देशातील अत्यंत कोरड्या भागांत मोडते. तिथे शेतकऱ्यांना पूर्वापार लाकडी पाटांनी डोंगरावरून पाणी आणून शेते भिजवावी लागत. लाकडी इमारतीच्या दृष्टीने हे कोरडेपण फार मोलाचे आहे. मात्र फक्त हवामानाने चर्च टिकते असे कोणी समजू नये, कारण लोमपेक्षा अधिक पावसाच्या सोग्न या पश्चिम नॉर्वेतील भागात उर्नेस आणि बोर्गुंड ही स्टेव्ह चर्चेही टिकली आहेत.

काटेकोर

'जुना_सुतार' यांच्याशी मी सहमत नाही. वास्तू म्हणजे केवळ भार वाहणारा सांगाडा नव्हे. वास्तू म्हणजे आतला अवकाश आणि प्रकाशसुद्धा. मध्ययुगातील स्टेव्ह चर्च आतून जवळपास काळोखी असे. भिंतींच्या वरच्या भागात लहान गोल छिद्रे, मेणबत्त्या आणि धूप, एवढेच. लोक बहुतांशी उभे राहत आणि उपासना लॅटिनमध्ये चाले. १५३६-३७ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेत ल्यूथरपंथी धर्मसुधारणा आली आणि सगळा हिशेबच बदलला. आता प्रवचन महत्त्वाचे झाले. ते लोकांना ऐकू यायला हवे, म्हणून व्यासपीठ आले. तासन्‌तास बसायचे, म्हणून बाके आली. स्तोत्रांची पुस्तके वाचायची, म्हणून भिंती कापून खिडक्या आल्या. १६६३ चा क्रूसाकार आराखडाही त्याच गरजेतून निघाला, कारण लांबट दालनात शेवटच्या माणसापर्यंत पाळकाचा आवाज पोहोचत नाही. दोन बाजू काढल्या की अधिक लोक व्यासपीठाच्या जवळ येतात.

म्हणजे लोममध्ये आज जो माणूस बाकावर बसून खिडकीच्या उजेडात वेदीकडे पाहतो, तो सतराव्या-अठराव्या शतकातील ल्यूथरपंथी चर्चमध्ये बसलेला असतो. त्याच्या डोक्यावरचे खांब जुने आहेत, इतकेच. त्यामुळे लोमला 'बाराव्या शतकातील चर्च' म्हणणे मला दिशाभूल करणारे वाटते.

शिवाय माझे मत असे, की एखाद्या ठिकाणी तरी मूळ अवकाश पुन्हा उभा करून दाखवला पाहिजे. त्याशिवाय मध्ययुगातील माणसाने काय अनुभवले ते कळणार कसे?

आडवाट

'काटेकोर' यांच्या शेवटच्या वाक्यावर थोडे सविस्तर लिहावेसे वाटते, कारण हा प्रयोग नॉर्वेत एकदा नव्हे, अनेकदा झाला आहे.

टेलेमार्कमधील हेड्डाल हे सर्व स्टेव्ह चर्चांत आकाराने सर्वांत मोठे, आणि तेही आजपर्यंत गावचेच चर्च राहिले आहे. १८४९ ते १८५१ या काळात नेबेलोंग या डॅनिश वास्तुशिल्पज्ञाने त्याची दुरुस्ती केली. त्या काळी मध्ययुगीन सुतारकामाचे ज्ञान फार तोकडे होते, त्यामुळे जिथे पुरावा नव्हता तिथे तत्कालीन रुचीने जागा भरली. पुढे शंभर वर्षांनी, १९५२ ते १९५४ मध्ये, त्या दुरुस्तीतील बराचसा भाग काढून चर्चला पुन्हा जुन्या वळणावर आणावे लागले. म्हणजे दुरुस्तीची दुरुस्ती झाली.

सोग्नमधील विक येथील होप्परस्टाडचे उदाहरण आणखी बोलके आहे. हे चर्च मोडकळीस आले होते. पेटर ब्लिक्स या वास्तुशिल्पज्ञाने १८८० च्या दशकात ते हाती घेतले आणि त्याचे बाहेरचे रूप बोर्गुंडच्या धर्तीवर उभे केले. ओस्लोच्या बिग्दोय येथे हलवलेले गोलचे चर्चही १८८४-८५ मध्ये बोर्गुंडकडे पाहूनच पूर्ण केले गेले. बोर्गुंडचीही त्याच शतकात साफसफाई झाली आणि नंतरच्या काळातील पुष्कळ गोष्टी आतून काढल्या गेल्या. परिणाम असा, की पर्यटकाला जी चर्चे 'अस्सल मध्ययुगीन' वाटतात, त्यांचे ते अस्सलपण बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकात ठरवले गेले आहे आणि त्यांतली कित्येक एकमेकांसारखी दिसतात, कारण नमुना एकच होता.

याउलट लोमच्या चर्चवर १६३४ आणि १६६३ च्या माणसांनी जे केले ते स्वतःच्या गरजेसाठी केले. मध्ययुगाची नक्कल करण्याचा त्यांचा उद्देश नव्हता. म्हणून माझ्या दृष्टीने लोम अधिक प्रामाणिक आहे. 'काटेकोर' यांना मूळ अवकाश अनुभवायचा असेल, तर त्यांनी बोर्गुंडला जावे, पण तिथेही ख्रिश्चन क्रिस्टी या एकोणिसाव्या शतकातील वास्तुशिल्पज्ञाचा हात फिरलेला आहे हे ध्यानात ठेवावे.

लेणीवेडा

उंच मध्यभाग, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळी आणि शेवटी अर्धवर्तुळाकार टोक, हे वर्णन वाचून कार्ल्याच्या चैत्यगृहाची आठवण होणे अपरिहार्य आहे. तिथे दगडी छतालाही लाकडी बरगड्या बसवलेल्या आहेत. दोन्हीकडे सुतारांचा विचार एकच दिसतो.

काटेकोर

साम्य दिसते, पण दोन्हींतला प्रवास उलट दिशेने झालेला आहे. कार्ल्याला लाकडी बांधणीचे रूप खडकात कोरले गेले. नॉर्वेत मात्र दगडी रोमनेस्क (गोल कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीतील) चर्चचे रूप लाकडात उतरवले गेले, असे लोरेन्ट्स डीट्रिक्सन यांनी १८९२ मधील आपल्या मोठ्या ग्रंथात मांडले होते. उर्नेसच्या लाकडी खांबांचे माथे दगडी खांबांच्या माथ्यांसारखे घनाकार कोरलेले आहेत, हा त्याचा एक पुरावा समजला जातो. उलट बाजूने, तुळयांची चौकट, जीभ-खाच, फुल्या हे सर्व स्थानिक सुतारांचे आहे, असे म्हणणारेही अभ्यासक आहेत. मला वाटते, आराखडा बाहेरून आला आणि हात गावचे होते.

जुना_सुतार

शेवटच्या वाक्याला माझी सही.

रानवारा

छपरावरच्या ड्रॅगनविषयी कोणीच काही लिहिले नाही. मी असे वाचले आहे, की ही चर्चे म्हणजे मुळात व्हायकिंगांची मंदिरे होती आणि पुढे त्यांवर क्रूस लावले गेले. ड्रॅगन हा त्याचाच पुरावा आहे ना?

आडवाट

नाही. ही समजूत फार पसरलेली आहे, पण लोमचेच उदाहरण घ्या. मूळ चर्च ११५८ च्या आसपासचे आणि त्याखालचे जुने बांधकाम हेही चर्चच. नॉर्वेत ख्रिस्ती धर्म अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात रुजला, म्हणजे लोमचे चर्च बांधणाऱ्या माणसांच्या घराण्यांत चार-पाच पिढ्या ख्रिस्ती होत्या. स्नोरी या आइसलँडच्या लेखकाच्या तेराव्या शतकातील राजकथांमध्ये नॉर्वेचा ओलाव राजा १०२१ मध्ये या खोऱ्यात आल्याची हकीकत आहे. धर्म स्वीकारा, नाहीतर वस्ती जाळतो, असा त्याचा खाक्या होता. मात्र वरून लोमची शेते पाहिल्यावर एवढी सुंदर वस्ती जाळणे म्हणजे दुर्दैव, असे तो म्हणाला, असे स्नोरी लिहितो. कथा दोनशे वर्षांनंतर लिहिलेली असल्याने ती तंतोतंत खरी मानू नये, पण पुढे लोमचे चर्च ज्यांना अर्पण केले गेले त्यांत मरिया आणि बाप्तिस्मा करणारा योहान यांच्याबरोबर हाच ओलाव संत म्हणून आहे.

ड्रॅगनचे म्हणाल, तर प्राण्यांच्या गुंतवळ्याची कोरीव परंपरा ख्रिस्तपूर्व काळापासून चालत आली हे खरे. उर्नेसच्या उत्तर भिंतीतील प्रसिद्ध द्वार अकराव्या शतकातील एका आधीच्या चर्चमधून काढून नव्या भिंतीत बसवलेले आहे, म्हणजे तेही चर्चचेच. कारागिरांना जी नक्षी येत होती ती त्यांनी नव्या धर्माच्या दारावर कोरली. छपराच्या कडेवरील मध्ययुगीन ड्रॅगन-शिर टिकून राहिलेल्या मोजक्या चर्चांत लोम आहे, हे मात्र अवश्य सांगण्यासारखे आहे.

निवांत_नाना

राजाने वस्ती जाळली नाही म्हणून आज तिथे पर्यटन खाते चालते. फार दूरदृष्टीचा राजा.

मीठभाकर

मला वास्तुशास्त्रातले फारसे कळत नाही, पण १९७३ च्या उत्खननाविषयी 'जुना_सुतार' यांनी एका वाक्यात सांगितले ते पुरेसे नाही. जमिनीखाली आणखी काय मिळाले?

फ्योर्डकाठ

दोन हजारांहून अधिक नाणी मिळाली. जमिनीच्या फळ्यांमध्ये फटी असत आणि दान देताना किंवा हातातून निसटल्यावर नाणे त्या फटीतून खाली गेले, की ते परत मिळत नसे. मध्ययुगातील नॉर्वेची काही नाणी इतकी पातळ होती, की ती पानासारखी फटीतून सरकत. त्यामुळे अशा चर्चांखालची माती ही त्या काळातील चलनव्यवहाराची मोठी नोंदवही ठरली आहे.

पण सर्वांत लोकप्रिय वस्तू नाण्यांपेक्षा वेगळी आहे. ती म्हणजे रुनी लिपीत, उत्तर युरोपातील जुन्या कोरीव लिपीत, लिहिलेली एक छोटी काठी. हावार्ड नावाचा तरुण गुदनी नावाच्या मुलीला देवाचे अभिवादन आणि आपली मैत्री कळवतो, आणि तिला कोल्बेइनबरोबर राहायचे नसेल तर आपल्याशी लग्न करावे अशी पूर्ण इच्छा असल्याचे सांगतो. लग्नाचा विचार कर आणि तुझी इच्छा मला कळव, अशी विनंती शेवटी आहे. हे पत्र चर्चच्या जमिनीखाली कसे गेले, यावर गावात प्रत्येकाची आपापली कहाणी आहे.

मीठभाकर

गुदनीने मुद्दाम फटीत टाकले असणार.

निवांत_नाना

किंवा कोल्बेइनने.

काटेकोर

या काठीवरून एक गंभीर गोष्टही निघते, ती निसटू नये. साधा माणूस खासगी निरोप स्वतःच्या भाषेत, काठीवर चाकूने लिहीत होता आणि समोरच्या मुलीला तो वाचता येईल असे गृहीत धरत होता. चर्चमधले अधिकृत लेखन लॅटिनमध्ये चालत असताना त्याच छपराखाली दुसरी साक्षरता नांदत होती.

वसईकर

आमच्या वसईत धर्मग्रामाच्या चर्चची डागडुजी म्हटली, की चुना, कौले आणि वर्गणी असे तीन विषय निघतात. या लाकडी चर्चांचा वार्षिक खर्च आणि देखभाल कशी चालत असे, हे कोणी सांगेल का?

जुना_सुतार

'वसईकर' यांनी नेमका विषय काढला. या चर्चांचे खरे रक्षण डांबराने केले. हे रस्त्यावरचे डांबर नव्हे, तर पाइनच्या लाकडातून काढलेले डांबर होय. पाइनचे राळेने भरलेले बुंधे आणि मुळे चिरून त्यांचा ढीग रचायचा, तो गवताच्या ढेपांनी झाकायचा आणि हवा कोंडून मंद जाळायचा. मग खालून डांबर झिरपून बाहेर येते. ते उन्हाळ्यात गरम करून भिंतींवर आणि लाकडी कौलांवर चोपडले जाते. चर्चचा जो गडद रंग आपल्याला छायाचित्रात दिसतो, तो शतकानुशतके चढलेल्या या डांबराचा आहे. दक्षिणेकडची भिंत उन्हामुळे लवकर सुकते, म्हणून तिला ते अधिक वेळा लावावे लागते.

पैशाचे म्हणाल, तर मध्ययुगात शेतकऱ्यांकडून जो दशांश घेतला जाई, त्याचे बिशप, पाळक, गरीब आणि चर्चची इमारत असे चार वाटे होत. इमारतीच्या वाट्यातून डांबर आणि कौले यांचा खर्च निघे. पुढे १७२० च्या दशकात, मोठ्या युद्धामुळे तिजोरी रिकामी झाली, तेव्हा डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाने चर्चच्या इमारती विकायला काढल्या आणि त्या खासगी मालकांकडे गेल्या. कित्येक मालकांनी उत्पन्न घेतले आणि डांबराकडे दुर्लक्ष केले. आपल्याकडे देवस्थानाच्या जमिनीवर डोळा ठेवून देवळाचा कळस गळू देणारे विश्वस्त ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे समजायला कठीण जाऊ नये.

अलीकडे नॉर्वेच्या पुरावास्तू खात्याने २००१ ते २०१५ या काळात सर्व स्टेव्ह चर्चांच्या दुरुस्तीचा मोठा कार्यक्रम हाती घेतला. त्यात जुन्या अवजारांनी, जुन्याच पद्धतीने लाकूड तासण्यावर भर होता. कुजलेला तुकडा तेवढा कापून त्याच जातीच्या लाकडाचा जोड देणे, हे त्याचे सूत्र होते. मला सर्वांत आवडलेली गोष्ट अशी, की या निमित्ताने काही तरुण सुतार हे काम नव्याने शिकले.

रानवारा

आगीचे काय? एवढे डांबर आणि राळ, म्हणजे काडी पडली की संपले.

फ्योर्डकाठ

भीती खरी आहे. बर्गनजवळचे फान्टोफ्टचे चर्च ६ जून १९९२ रोजी जाळण्यात आले. ते मूळचे सोग्नमधील फोर्टुनचे होते आणि १८८३ मध्ये बर्गनला हलवले गेले होते. पुढे तिथे हुबेहूब नवे चर्च उभारले, पण बाराव्या शतकातले लाकूड गेले ते गेलेच. त्यानंतर उरलेल्या चर्चांच्या अग्निसुरक्षेकडे फार गांभीर्याने पाहिले जाऊ लागले.

उंबरठा

चर्चा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ पुढे गेली, याचा आनंद आहे. मात्र माझ्या दुसऱ्या प्रश्नाकडे परत येऊ. भरी काढून टाकाव्यात की नाही, याचे उत्तर 'आडवाट' यांनी प्रामाणिकपणाच्या मुद्द्यावर दिले. मला त्याहून वेगळी बाजू विचारायची आहे: या भरी घातल्याच नसत्या, तर लोमचे चर्च आज असते का?

आडवाट

बहुधा नसते, आणि याचा पुरावा लोमच्या अगदी शेजारी आहे.

मध्ययुगात नॉर्वेत स्टेव्ह चर्चांची संख्या हजाराच्या वर असावी, असा अंदाज आहे. आज तिथे २८ उरली आहेत. १३४९ च्या प्लेगने लोकसंख्या इतकी घटली, की पुढची दीड-दोनशे वर्षे नवे चर्च बांधण्याची गरजही नव्हती आणि ऐपतही नव्हती. या काळात जुनी चर्चे तशीच उभी राहिली. सतराव्या शतकात वस्ती वाढली आणि चर्चे अपुरी पडू लागली. तेव्हा दोनच मार्ग होते, वाढवा किंवा पाडा. लोमने वाढवण्याचा मार्ग घेतला. त्याच वेर्नर ओल्सेनने १६३० च्या सुमारास रिंगेबूचे चर्चही असेच वाढवले आणि तेही टिकले. शेजारच्या वोगो गावात मात्र १६२० च्या दशकात त्यानेच जुने चर्च उतरवून त्याचे लाकूड नव्या क्रूसाकार चर्चमध्ये वापरले.

खरा घाव बसला तो १८५१ च्या कायद्याने. ग्रामीण भागातील चर्चमध्ये त्या क्षेत्रातील तीन-दशांश लोक मावले पाहिजेत, असे त्यात ठरले. दोन हजार वस्ती असेल तर सहाशे माणसांची जागा हवी. मध्ययुगातील लहान चर्चमध्ये तेवढी माणसे मावणे शक्यच नव्हते, त्यामुळे पुढच्या काही दशकांत जुनी चर्चे भराभर पाडली गेली. लोमच्याच हद्दीतील गार्मो येथले स्टेव्ह चर्च १८८० मध्ये उतरवले गेले आणि त्याचे लाकूड विकले गेले. कादंबरीकार क्नुत हामसून यांचा बाप्तिस्मा त्याच चर्चमध्ये झाला होता. अँडर्स सँडविग या दंतवैद्याने चिकाटीने ते भाग गोळा केले, म्हणून लिलेहामरच्या माइहौगेन संग्रहालयात १९२०-२१ मध्ये ते चर्च पुन्हा उभे राहू शकले.

लोमचे चर्च मोठे असल्यामुळे त्याच्यावर ही वेळ आली नाही. म्हणून शुद्धतेचा आग्रह धरणाऱ्यांना ज्या १६३४ आणि १६६३ च्या भरी खटकतात, त्यांनीच आतले ११५८ चे खांब वाचवले, असे माझे ठाम मत आहे.

काटेकोर

युक्तिवाद चांगला आहे, पण अपुरा आहे. उर्नेस आणि बोर्गुंड लोमइतकी वाढवली गेली नाहीत, तरी ती टिकलीच. बोर्गुंडला १८६८ मध्ये शेजारी नवे चर्च बांधले गेले आणि जुने चर्च १८७७ मध्ये पुरावास्तू जतन करणाऱ्या संस्थेने विकत घेतले. १८८१ मध्ये उर्नेसही तिच्याकडे आले. ही संस्था १८४४ मध्ये स्थापन झाली होती. चित्रकार जे. सी. डाल यांनी १८३७ मध्येच या चर्चांची चित्रे प्रसिद्ध करून लोकांचे लक्ष वेधले होते. वांगचे चर्च पाडले जाणार हे कळल्यावर त्यांनी ते १८४१ मध्ये विकत घेतले, आणि पुढे प्रशियाच्या राजाच्या मदतीने ते सायलेशियात, म्हणजे आजच्या पोलंडमध्ये, नेऊन उभे केले.

म्हणजे टिकण्याचे मार्ग दोन होते: वापरासाठी वाढणे, किंवा वापरातून निवृत्त होऊन कोणाच्या तरी हाती पडणे.

आडवाट

मान्य, पण दुसऱ्या मार्गासाठी एखादा चित्रकार, एखादा राजा किंवा एखादा दंतवैद्य वेळेवर यावा लागतो. पहिल्या मार्गासाठी गावात माणसे पुरतात. शिवाय निवृत्त झालेल्या चर्चमध्ये अठराव्या शतकातील गोष्टी कोणी आणून ठेवत नाही. लोममध्ये एगर्ट मुंक याने काढलेली चित्रे आहेत आणि त्याच शतकाच्या उत्तरार्धात याकोब सेटरडालेन या स्थानिक कोरीवकाम करणाऱ्याने पानाफुलांच्या वळणदार नक्षीचे काम केले आहे. हे सर्व काढून बाराव्या शतकाचा काळोख परत आणायचा असेल, तर तो निर्णय कोण घेणार? बाकावर बसणारी मंडळी, की आपण?

काटेकोर

मंडळी. तेवढे मी मान्य करतो. पण मग माहितीच्या ओळीत 'बाराव्या शतकातील' एवढेच लिहू नये, या माझ्या म्हणण्यालाही बळ मिळते.

उंबरठा

मग ओळ अशी लिहावी, असे मी सुचवतो: 'लोमचे चर्च, मूळ बांधणी ११५८ च्या सुमारास, विस्तार १६३४ व १६६३, आजही गावच्या वापरात.' लांब झाली, पण खरी आहे. छायाचित्र बाहेरचे द्यायचे असेल, तर सोबत आतल्या खांबांचे आणि फुल्यांचेही एक द्यावे.

मीठभाकर

आम्ही पुढच्या उन्हाळ्यात त्या बाजूला जाण्याचा विचार करत आहोत. आत जाऊन पाहता येते का, आणि कोणत्या क्रमाने पाहावे?

फ्योर्डकाठ

उन्हाळ्यात तिकीट काढून आत जाता येते. लग्न किंवा अंत्यविधी असेल तर पाहुण्यांसाठी दार बंद असते, त्यामुळे गावात पोहोचल्यावर आधी फलक पाहावा. मी क्रम असा सुचवेन, की सकाळी लवकर जाऊन प्रथम बाहेरून पूर्वेकडची बाजू पाहावी, कारण मध्ययुगातील चर्चचा बाहेरचा अंदाज तिथूनच सर्वांत चांगला येतो. मग आत जाऊन मध्यभागी मान वर करून फुल्या आणि वक्र आधार पाहावेत, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंच्या भुजांमध्ये बसून पाहावे, म्हणजे 'काटेकोर' व्यासपीठाविषयी काय म्हणत होते ते कळेल. हाताशी आणखी एक दिवस असेल, तर लिलेहामरला माइहौगेनमध्ये गार्मोचे चर्च पाहावे. लोमचे मोठेपण त्याच्या लहान आकारावरून अधिक लक्षात येते. आणि लोमला पुलाजवळच्या बेकरीत चर्चपेक्षा लांब रांग असते, म्हणून तिथे आधी जाऊन या.

निवांत_नाना

शेवटच्या सूचनेशी सर्व पक्ष सहमत होतील असे वाटते.